नकाशातला नळ

रामटेके काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे. बूट दारात, जाकीट मिळेल त्या खुर्चीवर, आणि हे थेट सिंकपाशी. नळ सोडायचा, धारेखाली दोन बोटं धरायची, नळ घट्ट बंद करायचा, बोटं रुमालाला पुसायची आणि मग वळून घरच्या माणसांना म्हणायचं, "हां. जय भीम, नमस्कार. आता बोला."

एर्लांगेनच्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आम्हाला जर्मनीत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. माझा नवरा निखिल त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच मजल्यावर. 'एक मराठी सीनियर आहेत, एकदा जेवायला बोलवू या' असं तो म्हणाला, म्हणून मी हौसेनं भरली वांगी केली होती. आणि हा साठीचा, उंच, दाट भुवयांचा गृहस्थ माझ्याकडे न बघता माझ्या नळाकडे बघत उभा! मी म्हटलं, "काका, प्यायला देऊ का?"

"नको. येऊन राहिलं का ते पाहत होतो."

"अहो, इथे जर्मनीत पाणी कुठे जाणार आहे?"

"असं नाही म्हणायचं, बापा. आतला फोटो काढल्याशिवाय मत द्यायचं नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कंपनीत ते दवाखान्यांसाठी एक्स-रेची यंत्रं बनवणाऱ्या विभागात होते. पंचवीस वर्षं तेच काम केल्यामुळे की काय, पण वरवर दिसतं त्यावर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. भाजीवाल्याच्या टोमॅटोपासून ऑफिसातल्या नव्या साहेबापर्यंत सगळ्यांना हीच मोजपट्टी. निखिल एकदा म्हणाला, "नवा बॉस चांगला वाटतो." काका म्हणाले, "वाटते ना? मग थांब. वाटणं म्हणजे वरची कातडी."

मी मनात म्हटलं, विक्षिप्त आहेत. काही दिवसांनी तर खात्रीच पटली. ते आम्हाला जेवायला बाहेर घेऊन गेले आणि वेट्रेसला म्हणाले, "आम्हाला लाइटुंग्सवासर आणा." म्हणजे साधं नळाचं पाणी. जर्मन हॉटेलात नळाचं पाणी मागणं म्हणजे केवढा अपराध, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. ती म्हणाली, बाटलीचं मिळेल, बुडबुडेवालं किंवा बिनबुडबुडेवालं. काका शांतपणे उठले आणि जाकीट चढवू लागले. "ज्या घरात नळाचं पाणी देत नाही, तिथं मी जेवत नाही." आम्ही दोघं मेनूकार्ड हातात धरून बसलेलो. शेवटी मालक आला, हसला आणि स्वतः तीन पेले भरून घेऊन आला. निखिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला मात्र तेव्हापासून या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं.

मी मुळात पुण्याची आर्किटेक्ट. पण जर्मनीत माझ्या पदवीला मान्यता मिळायची होती. तिकडे त्याला आनेरकेनुंग म्हणतात आणि ती येता येत नाही. फाइल कुठल्याशा आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, पडून होती, आणि मी घरी बसून पोळ्या लाटत होते, चिडत होते, खिडकीतून सायकली मोजत होते. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले.

"जुना नकाशा वाचता येते का तुले? शंभर वर्षांआधीचा?"

"नकाशा तो नकाशाच असतो, काका."

"मग उद्या ये घरी. तुले एका माणसाची ओळख करून देतो."

दुसऱ्या दिवशी गेले तर घरात काका एकटेच. त्यांनी टेबलावर एक पितळी ओळंबा ठेवला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही बघायला दोरीला बांधून सोडतात तो. पेरूएवढा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, आणि कडेला तीन इंग्रजी अक्षरं कोरलेली. "हा फील्डसाहेबाचा," ते म्हणाले, आणि पुढचे दोन तास मी जागची हलले नाही.

काकांचं गाव वर्ध्याच्या बाजूचं, कापडगिरणीचं. गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या चाळींना तिथे लाईन म्हणत. ही लाईन बांधली पर्सी हॅलोफील्ड नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं, पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी. गावानं त्याचं केलं फील्डसाहेब. काकांचा आजा सखाराम हा त्या बांधकामावर साहेबाची मोजणीची साखळी धरायचा. वडलांकडून काकांनी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी : साहेबानं नकाशात सगळ्या लाईनीला मधोमध एक ओटा आणि त्यावर एकच नळ काढला होता, सगळ्या जातींना मिळून. पण मुकादम आणि बाकीच्यांनी साहेबाच्या मागं कारस्थान करून महारांसाठी दुसरा नळ बसवला, पार टोकाला, गटारीच्या कडेला. साहेबाला फार वाईट वाटलं. त्यानं आज्याला स्वतःचा ओळंबा दिला आणि सांगितलं, "माझ्या नकाशात एकच नळ आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वीस-बावीस वर्षं आमचे लोक गटारीजवळचं पाणी पीत राहिले. माझे वडील सहा वर्षांचे असतील, तवाची गोष्ट. एक दिवस आजा उठला, घागर घेतली आणि मधल्या ओट्यावर जाऊन नळ सोडला. लोक काठ्या घेऊन आले, डोकं फुटलं त्याचं. पण त्यानं कमरेचा ओळंबा काढला आणि ओरडला, चला ऑफिसात! साहेबाचा नकाशा काढा! त्यात दोन नळ असतील तर माझे हात तोडा! मॅनेजर आला. त्याच्याजवळ कुठला नकाशा? कोण शोधणार? गिरणीत आमचे लोक कामाला होते ते अख्खं रिंगखातं बाहेर येऊन उभं राहिलं होतं. तो म्हणाला, जाऊ द्या, एकच नळ चालू ठेवा. टोकाचा नळ त्याच आठवड्यात बंद झाला."

काकांच्या वडलांच्या लेखी मात्र या गोष्टीचा नायक फील्डसाहेब. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली खुंटीला साहेबाचा ओळंबा. काका जर्मनीला निघाले तेव्हा वडलांनी तो काढून त्यांच्या हातात दिला. 'गोऱ्याईच्या देशात चालला, तर आपला एक गोरा संग असू दे,' म्हणाले.

हे सगळं आता निघायचं कारण वेगळं होतं. गिरणी कधीच बंद पडली होती आणि लाईन पाडणार होते. फक्त मधला ओटा आणि नळ राखून तिथे वस्तीनं वाचनालय बांधायला काढलं होतं. काकांचे वडील तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. त्यांचा हट्ट, की दारावरच्या दगडी पाटीवर लिहायचं : सर्वांना एक नळ देणारे फील्डसाहेब. समितीतली तरुण पोरं म्हणाली, "आजोबा, इंग्रजाचं नाव काहून? पुरावा काय?" म्हाताऱ्याच्या शब्दाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुरावा मागितला. त्यांनी रागानं जेवण टाकलं आणि मुलाला फोन केला, "नकाशा आण. मी मरायच्या आत आण."

"म्हणजे नकाशा सापडला नाही तर?" मी विचारलं.

"तर बाबा खोटे ठरून मरतील," काका म्हणाले. "आणि ते माझ्यानं पाहवणार नाही."

साहेबाचा शोध मात्र ते कितीतरी आधीपासून घेत होते. एका कपाटात नुसत्या फायली. ज्याचं नाव वास्तुकलेच्या एकाही पुस्तकात नाही, त्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यांनी पत्रं लिहून लिहून गोळा केलं होतं. इंग्लंडमधल्या चर्चला पत्र, जुन्या कागदांच्या कचेऱ्यांना पत्र, दफनभूमीच्या रखवालदारालासुद्धा पत्र. पर्सी हा यॉर्कशायरच्या एका पाथरवटाचा मुलगा. चर्चं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकला. मोठमोठ्या इमारतींच्या स्पर्धांत भाग घेई आणि दरवेळी मागं राही. "बढतीत आमचा निखिल राहते तसा," काका म्हणाले, तेवढ्यात मलाही टोमणा बसला. मग कारखानदार कामगारांना घरं कशी बांधून देतात हे बघायला तो जर्मनीत हिंडला, हायडेलबर्गला क्लारा नावाच्या शिक्षिकेशी लग्न केलं आणि कुठंच काम मिळेना म्हणून हिंदुस्थानात आला. वर्ध्याच्या बाजूला त्यानं एक चर्च बांधलं, दोन छोटी स्टेशनं, एक पाण्याची टाकी आणि ही लाईन. महायुद्ध सुरू झालं आणि बायको जर्मन म्हणून इंग्रजांनीच त्याची कामं काढून घेतली. लढाई संपता संपता तो हगवणीनं गेला.

"पाण्यानं गेला गं तो," काका हळहळून म्हणाले, जणू घरचंच कुणी गेलं होतं.

क्लारा लहान मुलीला घेऊन हायडेलबर्गला परतली, इथपर्यंत त्यांना कळलं होतं. पुढे त्या मुलीचं लग्नानंतरचं आडनाव शोधायला सात वर्षं लागली. आणि त्या वर्षी उत्तर आलं. फ्राऊ लिंडनर नावाच्या बाईंचं. ऐंशीच्या पुढच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. 'पर्सी हे माझे आजोबा. त्यांचे कागद माझ्या केलरमध्ये एका पेटीत आहेत. या.' केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर, जिथे जर्मन माणसं सायकली, बटाटे आणि पूर्वज ठेवतात.

एका शनिवारी आम्ही स्वस्तातलं वीकएंडचं तिकीट काढून, धीम्या गाड्या बदलत हायडेलबर्गला पोचलो. नेकार नदीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर घर. दार उघडताच काकांनी हात धुवायचं निमित्त केलं आणि नळ बघून आले. बाईंनी प्लमचा केक केला होता. तो खाताना काकांचं लक्ष केकवर नव्हतं, हे त्यांनाही दिसलं असावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, चला, आधी पेटी."

पेटीत गुंडाळ्या होत्या, पत्रांचे गठ्ठे होते. मी एकेक गुंडाळी उलगडत गेले. चर्च. टाकी. स्टेशनचा व्हरांडा, काय सुंदर हात होता त्या माणसाचा! आणि पाचव्या गुंडाळीत लाईन निघाली. खोल्यांच्या दोन रांगा, मधे अंगण, अंगणाच्या मधोमध ओटा आणि ओट्यावर एक छोटं वर्तुळ. एकच. मी बोटानं सगळी लाईन चाचपली. टोकाला गटार होती, तिथे काही नव्हतं.

"काका, एकच आहे!" मी ओरडलेच.

काकांनी कागदाला हात लावला नाही. खिशातून फोन काढला, गॅलरीत गेले आणि वडलांना लावला. मला आतून ऐकू येत होतं. "बाबा! सापडला! एकच आहे, बाबा, एकच!" पलीकडून काय आलं कोण जाणे, पण साठीचा तो माणूस गॅलरीचा कठडा धरून लहान मुलासारखा रडत होता. फ्राऊ लिंडनरही डोळे पुसत होत्या. मी फोनवर नकाशाचे फोटो काढले आणि उरलेला केक खाल्ला.

परतीच्या गाडीत काका गुणगुणत होते. वडलांनी गावात पेढे वाटायला सांगितल्याचं पुन्हा पुन्हा सांगत होते. मी सहज फोटो मोठे करून बघायला लागले. नकाशा हातात घेतला की आधी उजवा खालचा कोपरा बघायचा, हे आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नाव, क्रमांक, फेरफार, सगळं तिथे असतं. आणि मी शहाणी, वर्तुळ बघून नाचले होते. कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तिरपी रेघ मारून लिहिलं होतं : रद्द. सुधारित नकाशा ४-अ पाहावा.

वुर्झबुर्गला गाडी बदलली. मी गप्प. काका पेढ्यांवरून वाचनालयाच्या फरशीवर आले. मी गप्पच. एर्लांगेन दोन स्टेशनांवर आलं तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुले हे केव्हा दिसलं?"

"मघाशी."

"किती मघाशी?"

"वुर्झबुर्गच्या आधी."

"मग दीड तास काहून गप्प बसली?"

"तुमचा चेहरा बघून, काका. बोलवेना."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. स्टेशनावर उतरल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "चूक माझी आहे. पंचवीस वर्षं लोकांना सांगतो, आतला फोटो काढल्याशिवाय मत देऊ नका. आणि स्वतःच्या बापाला वरची कातडी पाहून निकाल कळवला." मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी परत जाऊ."

मी निखिलला म्हटलं, कशाला जायचं परत? पेढे वाटून झाले आहेत, म्हातारा सुखात आहे, कुणाला कळणार आहे? निखिल म्हणाला, "हे तू त्यांना सांगून बघ." माझी काही हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी ४-अ सापडायला फार वेळ लागला नाही. तो क्लाराच्या पत्रांच्या गठ्ठ्याखाली घडी घालून ठेवला होता. तीच लाईन, तेच अंगण, मधला ओटा. आणि टोकाला, गटारीला लागून, दुसरं वर्तुळ. त्याच हातानं काढलेलं, त्याच सुंदर रेघेनं. खाली साहेबाची सही. घडीच्या आत एक पत्र होतं. क्लारा बाळंतपणाला पचमढीला गेली होती, तिला त्यानं जर्मनमध्ये लिहिलेलं. फ्राऊ लिंडनर मोठ्यानं वाचू लागल्या आणि मधेच थांबल्या. "पुढे वाचू?"

"बिट्टे," काका म्हणाले. वाचाच.

मला अर्धंच कळलं. काकांनी मग मला मराठीत सांगितलं, अगदी सपाट आवाजात. साहेबानं लिहिलं होतं : आज मी दुसरा नळ काढला. गिरणीच्या कमिटीनं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती, नाहीतर काम दुसऱ्याला देणार होते. बाळ येणार आहे, दुसरं काम हातात नाही. मी काढला. पण साखळी धरणाऱ्या सखारामनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की हे मुकादमानं केलं, माझ्या नकाशात एकच आहे. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी माझा ओळंबा त्याला देऊन टाकला.

मग फ्राऊ लिंडनर उठल्या, काकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला लाज वाटते." काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला कशाला," ते जर्मनमध्ये म्हणाले, "तुम्ही तर पेटी उघडली." निघताना त्यांनी केक बांधून मागितला. त्या बाईंना बरं वाटावं म्हणूनच, हे मला नक्की माहीत आहे. त्यांना प्लम आवडत नसत.

गाडीत त्यांनी केकचा पुडा मांडीवर ठेवला. मग एकदम म्हणाले, "आर्किटेक्ट बाई, खरं सांग. तुझं काम जाणार असतं, तर तू काढला असता का दुसरा नळ?"

मला हो म्हणायचं नव्हतं. पण आमच्या पुण्याच्या घरी कामवाल्या बाईंचा कप वेगळा असायचा, कानतुटका, सिंकखाली उपडा ठेवलेला. मी वीस वर्षं तो बघितला आणि एकदाही विचारलं नाही. हे मी काकांना त्या दिवशी सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते.

"माहीत आहे," ते म्हणाले. "कप नसता तर नवल होतं."

"म्हणजे हो, काका. बहुतेक मी काढला असता."

"गेनाऊ. बरोबर. म्हणून विचारलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू माझा चेहरा पाहून दीड तास गप्प राहिली. तो आज्याचा चेहरा पाहून जन्मभर राहिला. माणूस तोच गं."

"बाबांना काय सांगणार?"

"जे आहे ते."

"फोनवर?"

"एक्स-रेचा रिपोर्ट फोनवर सांगतात का कुणी? समोर बसून सांगतात."

आठवड्याभरात रजा काढून ते गेले. मी इकडे रोज निखिलला विचारत होते, काही कळलं का? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस. आयुष्यभर ज्याला देवमाणूस मानलं तो खोटारडा निघाला, हे ऐकून त्याचं काय होईल? माझी झोप उडाली होती. काकांचा मला रागसुद्धा आला. एवढं खरं काय करायचंय, असं वाटलं.

परत आले ते विमानतळावरून थेट आमच्याकडे. दार उघडलं तर हे स्वयंपाकघरात. नळ, दोन बोटं, रुमाल. मी म्हटलं, "अहो, आमचं पाणी कुठे गेलं नाही. बाबांचं सांगा आधी!"

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, त्यांनी नकाशाची मोठी छापील प्रत वडलांच्या खाटेवर पसरली आणि पत्र वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. वडील ऐकत होते. मग विचारलं, "कुठं हाये आपला नळ?" काकांनी त्यांचं बोट धरून गटारीजवळच्या वर्तुळावर ठेवलं. म्हाताऱ्यानं बोट तिथंच ठेवलं, किती वेळ कोण जाणे. घरातली सगळी माणसं दारात गोळा झाली होती, समितीतली पोरंही होती.

"म्हंजे माहा बाप," वडील म्हणाले, "नकाशात नसलेल्या गोष्टीसाठी भांडला?"

"हो, बाबा."

"डोकं फोडून घेतलं."

"हो."

"आन् जितला?"

"जितला, बाबा."

"आणि मग," काका सांगत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, "ते हसायला लागले गं. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, अबे, मंग दगडावर त्याचं नाव टाका ना! साहेबाचं काहून टाकता? नकाशात दोन होते, एक तं माह्या बापानं केला!"

मीही रडत होते आणि हसत होते, आणि निखिल आम्हा दोघांकडे बघत चहा उतू घालवत होता. समितीनं त्यानंतर कसलाच पुरावा मागितला नाही. मी विचारलं, "आणि ओळंबा? तो काय केला?"

"मी म्हटलं, फेकून देऊ का, बाबा? तर मलेच बोलले. म्हणाले, साहेब वाकला, ओळंबा कुठं वाकला? ठेव जपून."

वडील त्यानंतर वर्षभर होते, वाचनालयाचं दार उघडलेलं बघून गेले. काका निवृत्त झाल्यावर गावी परतले आणि तिथल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवू लागले. फोनवर तेच, "आतला फोटो काढला का?" माझी आनेरकेनुंग आली तेव्हा मी निखिलच्याही आधी त्यांना कळवलं. तीन वर्षांनी एका सकाळी शिकवता शिकवताच ते गेले. मला शेवटचं भेटता आलं नाही, याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

पुढच्या सुट्टीत मी त्या गावी गेले. लाईन राहिलेली नाही. ओटा आहे, त्यामागे वाचनालय, आणि दारावर काळ्या दगडात दोनच ओळी : हा नळ सर्वांसाठी एक केला – सखाराम रामटेके. नळाचे बांधकाम – फील्डसाहेब. दुपारची वेळ होती, ओट्यावर एक म्हातारी घागर घासत बसली होती. मी काही न बोलता नळ सोडला, धारेखाली दोन बोटं धरली आणि बंद केला.

"प्याले पाह्यजे का, बाई?" तिनं विचारलं.

"नको, मावशी. जय भीम. येतंय का ते बघत होते."

"येते ना," ती म्हणाली. "चोवीस तास नाही येत. पण येते तवा सगळ्याईले येते."